समोरची कड

बायको गेल्याचं मला अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं, पण फोरमन त्याआधी पंधरा मिनिटं माझ्या मशीनशेजारी उभा होता. आमच्या कारखान्यात रीत आहे, चालत्या प्रेसवरच्या माणसाला हाक मारायची नाही. त्याची पट्टी संपेपर्यंत थांबायचं. मान वळली की बोट जातं, म्हणून ही रीत. आम्ही गणवेशाची पितळी बटणं करतो. बँडवाल्यांची, दारवानांची, बोटीवरच्या लोकांची. त्यातलं पहिलं काम माझं. पितळेची लांब पट्टी पंचाखाली सरकवायची आणि गोल चकत्या पाडायच्या. फोरमन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, हा घाई लावायला आलाय. कुणी डोक्यावर उभं राहिलेलं मला खपत नाही. म्हणून मी ती पट्टी मुद्दाम सावकाश संपवली. मधे एकदा थांबून तेलसुद्धा दिलं. मग मशीन थांबवलं आणि म्हणालो, "बोला साहेब." तो म्हणाला, "आधी मेन स्विच बंद करा." मी केला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सांगितलं की जेटीवरून फोन होता, वहिनी तिकिटाच्या खिडकीत बसल्या बसल्या कोसळल्या, हॉस्पिटलात नेलं, पण उपयोग झाला नाही. पंचाखालच्या पेटीत शेवटच्या चकत्या पडल्या होत्या, त्या अजून कोमट होत्या. एक माझ्या हातात होती. ती मी खिशात टाकली की परत पेटीत, ते आता आठवत नाही. तेल दिल्याचं मात्र आठवतं.

हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून. त्याने तपकिरी पाकीट पुढे केलं आणि एक कागद. घड्याळ एक. चष्मा एक. कानातली दोन. किल्ल्या तीन. नाणे एक, आणि त्यापुढे कंसात, मोडके. तो शब्द मी दोनदा वाचला. बाकीचं एकदाच वाचलं होतं. मी विचारलं, "मोडके कुणी लिहिलं?" तो म्हणाला, "मीच. का? मोडकंच आहे ना? केवढा टवका उडालाय. उद्या कुणी म्हणायला नको, हॉस्पिटलात मोडलं." माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. मी दोन्ही ठिकाणी सही केली. जिना उतरताना लक्षात आलं की हा शब्द त्याचा नव्हता. माझा होता. मी तो तीन वर्षांपूर्वी बोललो होतो, चारचौघांत, आणि आता त्याच्याखाली सहीसुद्धा केली. आणि ती बाई तीन वर्षं ते नाणं पर्समध्ये घेऊन फिरत होती, हे मला माहीत नव्हतं.

ती जेटीवर तिकिटं द्यायची. सव्वीस वर्षं. तिच्या खिडकीपुढे एक फिरतं दार होतं, त्यात नाणं टाकलं की ते एक माणूस आत सोडतं. दाराला न पटलेली नाणी खालच्या खोक्यात पडायची. वाकलेली, घासलेली, कुणी रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटी केलेली. ती आपल्या पर्समधलं चांगलं नाणं तिथे टाकून त्यातलं वाईट घरी आणायची. सुरुवातीला मी हसायचो. लोक चांगलं घेऊन वाईट देतात, ही बया उलटं करते. मग तिने एक भिंग घेतलं, एक वही घेतली, आणि चहाचा एक लाकडी डबा मधे पट्टी ठोकून दोन भागांचा केला. एका भागाला ती म्हणायची जन्मखूण, दुसऱ्याला म्हणायची मार. टांकसाळीतून बाहेर पडतानाच जे चुकलेलं होतं ते जन्मखूण. बाहेर आल्यावर जगाने जे केलं तो मार. शंभरातली नव्व्याण्णव माराची, असं ती स्वतःच सांगायची. "लोकांना वाटतं वेगळं दिसलं की दुर्मिळ. नाही हो. वेगळं दिसलं की आधी विचारायचं, हे कधी झालं?" संध्याकाळी जेवायच्या आधी ती खिडकीपाशी बसायची, कारण दिव्यापेक्षा उतरतं ऊन बरं, त्यात उंचसखल दिसतं. मला हाका मारायची. "अहो, हे बघा, इथे अक्षर दुहेरी आलंय, पण हे नुसतं सरकून चपटं झालंय. खरं दुहेरी असतं ना, तर दोन्ही अक्षरं गोल राहिली असती." मी टॉवेलने हात पुसत जायचो, बघायचो आणि निकाल द्यायचो. निकाल द्यायला मला आवडायचं. धातू कळणारा घरात मी. तिला ते मान्य होतं, आणि मला ते मान्य असणं फार आवडायचं.

ते टवका उडालेलं नाणं तिने आणलं त्या रविवारी मेहुणी आणि साडू घरी आले होते. नाण्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा एक घास गेलेला होता. साडू म्हणाला, "टांकसाळीला भूक लागली असेल." ती हसली नाही. तिचे गाल लाल झाले होते. ती म्हणाली, "मला वाटतं ही जन्मखूण आहे. पट्टीतून चकती पाडताना आधीच्या भोकावर पंच पडला तर असाच घास जातो ना?" आणि माझ्याकडे बघितलं. मी नाणं उजेडात धरलं. जिथे तुकडा गेला होता तिथली कापलेली बाजू बघितली. वरचा भाग चकचकीत, खालचा फाटल्यासारखा खरखरीत. हे मी हजारो वेळा बघितलेलं होतं. हे पंचाचंच काम. मग मी असा विचार केला: पंच तर माझ्यासारख्या कुठल्याही कारखान्यात असतो. कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून नाणं पंचाखाली धरलं. कापल्यावर जी धार राहायला हवी ती नव्हती, तर मी म्हणालो, ती कानशीने घासली असणार. नव्हतं ते मी असं भरून काढलं. आणि मोठ्याने म्हणालो, "मोडकं आहे. कुणीतरी उडवलंय. इतकी वर्षं मी हेच करतोय, मला नको शिकवू." ती म्हणाली, "पण अहो, समोरची कड बघा ना. घासाच्या बरोब्बर समोर. तिथे कड बारीक आहे. का असेल?" मी म्हणालो, "समोर काय आहे? समोर काही झालेलंच नाही." साडू म्हणाला, "ताई, तज्ज्ञ बोलले. विषय संपला." तिने नाणं माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि चहा ठेवायला आत गेली. मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, जरा गोड बोलला असतात तर काय झालं असतं?" मी म्हणालो, "धातूला गोड बोलून कळत नाही." हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. रात्री झोपतानासुद्धा चांगलं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात ती एकटीच नाणेमंडळात गेली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पंधरावीस माणसं जमतात, त्यांचं ते मंडळ. तिथले परीक्षक शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी नाणं बघितलं आणि तिला विचारलं, "तुमचे यजमान प्रेसवर आहेत ना? ते काय म्हणतात?" तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिने मी म्हणालो ते सांगितलं. मास्तरांनी वहीत लिहिलं, नंतरचे नुकसान, आणि पुढे, यजमानांच्या सांगण्यावरून. घरी येऊन तिने मला हे सगळं सांगितलं, अगदी मास्तरांच्या आवाजात, आणि आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, पटलं तिला. माणूस हसला की पटलं असं मी धरून चालायचो. त्या दिवसानंतर ते नाणं डब्याच्या कुठल्याच भागात नव्हतं आणि मी कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर अकरा दिवसांनी मी कामावर गेलो. घरात बसून मी पाकिटाकडे बघत राहायचो. उघडलं नव्हतं. खणात ठेवलं होतं, आणि खण उघडायचा नाही असं ठरवलं होतं, तरी दिवसातून चारदा उघडायचो आणि पाकीट बाहेरूनच दाबून बघायचो. घड्याळ कुठे, किल्ल्या कुठे, नाणं कुठे ते बोटांना कळायचं. कारखान्यात बरं वाटलं. पट्टी, धक्का, पट्टी, धक्का. पण हात पूर्वीचा नव्हता. पट्टी किती सरकवायची ते माझ्या हाताला न सांगता कळायचं, आता कळेना. चौथ्या दिवशी पट्टी कमी सरकत होती आणि पंच आधीच्या भोकावर पडत होता. घास गेलेल्या चकत्या पेटीत पडत होत्या. एरवी अशी एखादी पडली तर मी लगेच उचलून भंगारात टाकायचो. चाळीस वर्षांत माझ्या हाताची एकही वाईट चकती पलीकडच्या खोलीत गेलेली नाही, याचा मला गर्व होता. त्या दिवशी पेटीच्या पेटी गेली आणि मला कळलंही नाही.

पलीकडच्या खोलीत कडवाली बसते. तिचं मशीन चकतीला एका फिरत्या चाकाच्या आणि एका भक्कम पट्टीच्या मधून फिरवतं, म्हणजे कड आत दाबली जाते आणि भोवती काठ उठतो. त्यानंतर चकती ठशाखाली जाते आणि तिच्यावर बोटीचा नांगर किंवा वाघ किंवा जे असेल ते उमटतं. कडवालीचं तोंड सगळ्या कारखान्याला माहीत आहे. जेवणाची घंटा झाली आणि ती मूठ पुढे धरून तरातरा आली. "काका, हे काय पाठवलंत? माझ्या मशीनचा जीव घेता का?" मी बघितलं. माझ्याच चकत्या, घास गेलेल्या. मला इतकी लाज वाटली की मी उभाच राहिलो. मग तिला आठवलं मी कशातून आलोय, आणि तिचा आवाज खाली आला. "जाऊ दे हो काका. होतं. मी नसतं बोलले, पण यांची कडच उठत नाही. एका बाजूला घास आहे ते ठीक. पण घासाच्या बरोब्बर समोर बघा, तिथेही काठ नाही. मी चारदा फिरवली." मी म्हणालो, "समोर?" ती म्हणाली, "समोर म्हणजे समोर. चाक इकडून दाबतं, पट्टी तिकडून. घास पट्टीकडे आला की चाकासमोर धरायला कुणी उरत नाही, मग दाबणार कुणाला? सोपं आहे की. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात आणि तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं माझी खोली आणि तिची खोली यांच्यामधे एक भिंत होती आणि भिंतीत एक दार होतं. मी चांगल्या चकत्या त्या दारातून पाठवत होतो आणि वाईट माझ्याकडेच मारून टाकत होतो. वाईट चकतीचं पुढे काय होतं, हे ज्याने एकही वाईट पाठवली नाही त्याला कसं कळणार? मी ती चकती अंगठ्याखाली फिरवली. घास. मग काठ, काठ, काठ. मग समोर, घासाच्या बरोबर समोर, बोट सपाटीवरून घसरलं. समोर काही झालेलंच नाही, असं मी म्हणालो होतो, आणि ती म्हणाली होती, का असेल? तिला कारण माहीत नव्हतं. कडवालीला कारण माहीत होतं. मला दोन्ही माहीत नव्हतं आणि निकाल मी दिला होता. फोरमन समोरून येत होता. मी म्हणालो, "साहेब, मी घरी चाललो." तो म्हणाला, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "बरं वाटतंय."

बसने गेलो नाही. बसमध्ये बसावं लागलं असतं. चालत गेलो, पुलावरून, मग बाजारातून, मग चढ. श्वास लागला तरी थांबलो नाही. वाटेत भीतीही वाटली. कड बारीक नसली तर? तिने तसं म्हटलं होतं, पण मी कुठे बघितलं होतं? आणि आता मला ती बारीक हवी होती, आणि हवं असलं की डोळा खोटं बोलतो, हे मला मशीनवर बसून पुरेपूर कळलेलं आहे. घरात शिरलो, खण उघडला, पाकीट फाडलं. घड्याळ बंद पडलं होतं. चष्मा बाजूला ठेवला. नाणं तिच्या खिडकीपाशी नेलं. ऊन तिरपं येत होतं. भिंग धरलं. घास खाली. समोर वर. तिथे काठ नव्हता. डावीकडून काठ जाड येत होता, बारीक होत होता, नाहीसा होत होता आणि उजवीकडे पुन्हा हळूहळू वर येत होता. आणि तिथली अक्षरं अर्धवट उमटलेली होती, कारण ठसा पडला तेव्हा तिथे धातूच कमी उभा होता. म्हणजे घास आधी गेला, काठ नंतर फिरला आणि ठसा त्याच्यानंतर पडला. घासाजवळची अक्षरंही कापलेली नव्हती, ती घासाकडे ओघळली होती. धार नव्हती ती कानशीने गेलेली नव्हती, ठशाखाली दबली होती. एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत गेली. मी मोठ्याने म्हणालो, "अगं, बरोबर होतीस तू!" शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली, काय झालं म्हणून. मी म्हणालो, "काही नाही, बरोबर होती." मग मेहुणीला फोन लावला. ती घाबरली, तिला वाटलं आणखी कुणी गेलं. मी सांगितलं. तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "भाऊजी, हे तुम्ही मला सांगून काय होणार? जिथे लिहिलंय तिथे सांगा."

तिचं खरं होतं. पण डोळ्यावर मी विश्वास ठेवणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी फोरमनची परवानगी घेऊन मी सहा चकत्यांना मुद्दाम घास पाडला, लहान मोठे, आणि कडवालीकडे घेऊन गेलो. ती म्हणाली, "आता मुद्दाम आणता का? काल लाजलात, आज दिमाखात!" तिने सहाही फिरवल्या. सहाही समोर सपाट. घास मोठा तर सपाटी लांब. मग आम्ही ठशाखाली नांगर उठवून घेतला. मग मी सहा तयार, चांगली बटणं घेतली आणि त्यांना त्याच पंचाने घास पाडला. समोरचा काठ जसाच्या तसा, आणि नांगर सुरीने कापल्यासारखा. नंतरच्या माराने समोरचं काही जात नाही. जन्माच्या वेळी गेलं तरच दोन्हीकडून जातं. कडवालीने बारा बटणं एका ओळीत मांडली, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "काका, हे कुणासाठी?" मी म्हणालो, "बायकोसाठी." तिने बटणं एका स्वच्छ फडक्यात बांधून दिली आणि त्या दिवशी कुणाशीच भांडली नाही.

पहिल्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून मंडळात गेलो. मास्तरांनी मला ओळखलं आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "आम्हाला कळलं. फार वाईट झालं." मी म्हणालो, "मास्तर, मी दुसऱ्या कामासाठी आलोय. तिच्या नाण्याची नोंद चुकीची आहे." मास्तरांनी वही पुढे ओढली. त्यांच्याकडेही एक रीत आहे, ती मला तेव्हा कळली. वहीतलं काही खोडायचं नाही. ज्याच्या शब्दावर नोंद झाली त्यानेच सगळ्यांपुढे उभं राहून तो शब्द मागे घ्यायचा, मगच खाली लाल शाईने नवी ओळ लिहायची. मास्तर म्हणाले, "तीस वर्षांत असं दोनदाच झालंय. दुसऱ्याचा शब्द खोटा करायला लोक रांगेत उभे असतात." मी फडकं सोडलं. सहा आणि सहा बटणं मांडली. मला भाषण येत नाही. मी नुसतं सांगितलं, हे आधी कापलेलं, हे नंतर कापलेलं, घास बघू नका, समोर बघा. मग नाणं मधे ठेवलं. भिंग एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. एक शिंपी होता, तो सुई ओवणारा माणूस, त्याला सर्वांत आधी दिसलं. "अरे, खरंच की! इथे काठच नाही." मग दुसरा, मग तिसरा. एक बाई म्हणाली, "वहिनींनी मला दाखवलं होतं हे. मीच म्हणाले, तुमचे मिस्टर सांगतात ना." मास्तरांनी नाणं तीन वेळा फिरवलं, बटणं बघितली, पुन्हा नाणं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "आणि त्यांना हे दिसलं होतं?" मी म्हणालो, "दिसलं होतं. तिने मला विचारलंही होतं. मी बघितलं नाही. मी चुकलो." शिंपी म्हणाला, "म्हणजे घरात ऐकायला हवं होतं म्हणा की." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना मला कळलं की 'मी चुकलो' हे वाक्य बोलायला मी तीन वर्षं घाबरलो होतो आणि ते बोलायला तीन सेकंद लागतात.

मास्तरांनी लाल शाईचं पेन काढलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. वरील नोंद मागे घेतली. दोष जन्मतः. मग थांबले. "ओळखणारे म्हणून तुमचं नाव घालू?" मी म्हणालो, "नाही. ओळखणारी." आणि तिचं नाव सांगितलं, पूर्ण, माहेरच्या नावासकट. त्यांनी ते चित्रकलेच्या मास्तरांच्या अक्षरात, सुबक, ओळीच्या शेवटापर्यंत लिहिलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मी ताठ उभा होतो. माझ्या लग्नातही मी इतका ताठ उभा नव्हतो. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि मला वाटत होतं की यांना हाका मारून वर बोलवावं आणि प्रत्येकाच्या हातात भिंग द्यावं. ती जिंकली होती. माझ्याशी जिंकली होती, आणि ते मी स्वतः, पायांनी चालत येऊन, सिद्ध केलं होतं. इतकं बरं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलेलं नव्हतं, ती असतानाही नाही.

शाई वाळेपर्यंत मास्तर मागची पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "एक सांगू का? तुमच्या सांगण्यावरून म्हणून आणखी नोंदी आहेत. त्यांनी आणलेल्या नाण्यांच्याच." मी म्हणालो, "किती?" त्यांनी मोजल्या. मी यादी उतरवून घेतली, घरी आलो, डबा उघडला आणि ती नाणी बाजूला काढून खिडकीपाशी ओळीने लावली. त्यातली काही खरोखर माराचीच असतील. एक रुळावरचं आहे, ते तर आंधळ्यालाही कळेल. पण बघितल्याशिवाय मी आता बोलणार नाही. अकरा नाणी आहेत. ती बघायची राहिली आहेत.